दोघांचा टेंट: दीड किलोचा की सव्वादोन किलोचा?

या वेळी टेंटबद्दल तीन प्रश्न आलेत. पहिला मोठा आहे, तो आधी घेतो.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको दर हिवाळ्यात हरिश्चंद्रगड, रतनगड, राजमाची असे मुक्कामी ट्रेक करतो. इतकी वर्षं भाड्याचे टेंट वापरले, आता स्वतःचा हलका टेंट घ्यायचाय. भाऊ म्हणतो, ट्रेकिंग पोलवर (चालताना हातात धरायच्या काठ्यांवर) उभा राहणारा घे, दीड किलोत काम होतं. नवऱ्याची उंची सहा फूट आहे. पावसाळ्यातही वापरायचाय आणि पुढच्या वर्षी हिमाचलातला हम्प्ता पासही डोक्यात आहे. काय बघून घेऊ? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर: ताई, भाऊ वजनाचं बोलतो ते खरंच आहे, पण तुम्ही टेंट लावणार कुठे ते त्याने विचारलेलं दिसत नाही. ट्रेकिंग पोलवाला टेंट सगळा पेगच्या, म्हणजे जमिनीत ठोकायच्या खुंट्यांच्या, ताणावर उभा असतो, पेग निघाला की टेंट बसला. आणि आपल्या सह्याद्रीत मुक्कामाच्या जागा म्हणजे कातळ, वर जेमतेम चार बोटं माती, तीही फेब्रुवारीत विटेसारखी कडक. पेग अर्धा जातो आणि वाकतो. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या बाजूला तर दरीतून वारा वर येतो, तिथे अर्ध्या गेलेल्या पेगवर रात्र काढायची म्हणजे झोप विसरा.

म्हणून माझं मत सरळ आहे: फ्रीस्टँडिंग घ्या, म्हणजे स्वतःच्या पोलवर उभा राहणारा, भले सातआठशे ग्रॅम जास्त असोत. दीड किलो आणि सव्वादोन किलो यातला फरक दोघांत वाटला तर माणशी पावणेचारशे ग्रॅम होतो, पाण्याच्या लिटरभर बाटलीच्या निम्म्याहूनही कमी. एकाच्या सॅकमध्ये पोल-पेग-फ्लाय (फ्लाय म्हणजे वरून टाकायचं पाणी अडवणारं कापड) आणि दुसऱ्याच्या सॅकमध्ये आतला टेंट, एवढं केलं की झालं.

यातही एक मधला प्रकार असतो आणि दुकानदार तोही फ्रीस्टँडिंग म्हणूनच विकतो: डोक्याकडे पोलचे दोन पाय आणि पायाकडे एकच, त्यामुळे पायाकडचे दोन्ही कोपरे पेगनेच ताणावे लागतात. नेचरहाइकचा क्लाउड अप या जातीचा आहे, त्याला दारही एकच, डोक्याकडून. त्याच कंपनीचा मोंगार पूर्ण उभा राहतो आणि त्याला दोन्ही बाजूंना दारं आहेत. दोन दारं असली की रात्री दोन वाजता बाहेर जायचं झालं तर दुसऱ्याच्या पोटावरून जावं लागत नाही, नवरा-बायकोच्या टेंटमध्ये हे माझ्या लेखी दोनशे ग्रॅमपेक्षा मोठं आहे.

फ्रीस्टँडिंग असला तरी दोऱ्या बांधायच्याच, नाहीतर वाऱ्याने सामानासकट सरकतो. पेग जात नसेल तर दोरीचं टोक एका लांबट लहान दगडाला बांधा, तो जमिनीवर आडवा ठेवा आणि त्याच्या पुढे, टेंटच्या बाजूला, दोरीवर मोठा दगड ठेवा. ताण आला की लहान दगड मोठ्याला येऊन अडतो. दोरी थेट मोठ्या दगडाला गुंडाळू नका, आपल्या काळ्या दगडाच्या कडा बारीक दोरी रात्रभरात घासून तोडतात.

आता माप. टू पर्सन टेंटची आतली रुंदी साधारण 125 ते 135 सेंटीमीटर असते आणि बऱ्याच हलक्या टेंटमध्ये पायाकडे ती 110 च्या आसपास येते. पन्नास-पंचावन्न सेंटीमीटरच्या दोन कॅरीमॅट आरामात बसतात, पण हवेच्या रुंद मॅट घेतल्यात तर पायाकडे एकमेकींवर चढतात. सॅक आत येणार नाहीत, त्या बाहेर फ्लायच्या पडवीत. आणि सहा फूट माणूस म्हणजे 183 सेंटीमीटर, त्यावर उशी आणि फुगलेली स्लीपिंग बॅग, भिंती तिरप्या, त्यामुळे आतली लांबी 215 च्या खाली घेऊच नका. दुकानात लावलेला टेंट असेल तर साहेबांना आत झोपवूनच बघा, लाजू नका. पायाचा अंगठा कापडाला टेकला की सकाळी स्लीपिंग बॅग ओली.

ओलं होण्याचं कारण बहुतेकदा पाऊस नसतोच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवेत दमटपणा असतो, पहाटे फ्लाय गार पडतो आणि दोघांच्या रात्रभराच्या श्वासाची वाफ त्याला आतून थेंब होऊन चिकटते. लोक म्हणतात टेंट गळला. यावर उपाय म्हणजे डबल वॉल टेंट, आतला जाळीचा आणि बाहेरचा फ्लाय यात बोटभर तरी अंतर, वरच्या खिडक्या थंडी असली तरी उघड्या आणि सोबत एक जुना पंचा. गडावरच्या पाण्याच्या टाक्याच्या अगदी काठाला टेंट लावू नका, तिथे दव जास्त धरतं. सिंगल वॉलवाले टेंट लडाखच्या कोरड्या हवेत छान, आपल्याकडे नकोत.

पावसाचं म्हणाल तर लेबलवर मिलिमीटरचा आकडा असतो, कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब न झिरपता सोसतं तो. फ्लायला 1500 आणि तळाला 3000 असलं की पुरे, शिवणींवर आतून टेप मारलेली आहे ना तेवढं बघा. पण जुलैत उघड्या पठारावर टेंट टाकायचा मात्र मी सल्ला देणार नाही, राजमाचीला उधेवाडीत कुणाच्या घरी राहा, गरम भाकरी-पिठलं मिळतं आणि टेंटही वाचतो.

हम्प्तासाठी वेगळा विचार करू नका. 4,270 मीटरच्या आसपासचा पास आहे, पण ग्रुपबरोबर गेलात तर टेंट तेच देतात. तुमच्या हिवाळी भटकंतीचा टेंट घ्या. (उत्तराखंडाचा बेत झालाच तर एक लक्षात ठेवा, तिथल्या उच्च न्यायालयाने 2018 मध्ये बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. आणि आपला हरिश्चंद्रगडही अभयारण्यात येतो, पायथ्याच्या पाचनईला वनखात्याकडे विचारूनच वर टेंट लावा.)

वजनाचा आकडा वाचताना एक चलाखी ओळखा. मोठ्या अक्षरात असतं ते नुसतं टेंट, फ्लाय आणि पोलचं वजन, त्यात पेग, दोऱ्या, पिशव्या नसतात. सगळं धरून दोनतीनशे ग्रॅम सहज वाढतात. पोल ॲल्युमिनियमचेच घ्या, फायबरग्लासचे जड असतात आणि उभे चिरतात, त्याचं कुसळ हातात गेलं की आठवडाभर ठणकतं.

प्रश्न: टेंटखाली घालायला कंपनीचं वेगळं कापड महाग पडतंय. प्लॅस्टिक चालेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: चालेल की. जाड प्लॅस्टिकचा कागद टेंटच्या तळापेक्षा सगळीकडून दोनतीन बोटं आत कापा. बाहेर डोकावला तर फ्लायवरून ओघळलेलं पाणी त्याच्यावर पडून थेट तुमच्या पाठीखाली येतं. जुना फ्लेक्स बॅनर लोक वापरतात, टिकतो मस्त पण जड होतो, मग हलका टेंट घेऊन काय केलं.

प्रश्न: ओळखीत एक भारी इंपोर्टेड टेंट निम्म्या किमतीत मिळतोय, फारसा वापरलेला नाही पण आतून आंबूस वास येतो. धुतला की जाईल ना? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: नाही जाणार, दादा. तो वास बहुतेक कापडावरच्या पीयू कोटिंगचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या पॉलियुरेथेनच्या थराचा आहे. दमट हवेत ते हळूहळू विघटित होतं, टेंट ओलसर घडी करून माळ्यावर टाकला की आणखी लवकर. फ्लायची आतली बाजू अंगठ्याने चोळून बघा, चिकट लागली किंवा पापुद्रा निघाला तर पाणी अडवायची ताकद गेलेली आहे, वरून स्प्रे मारून ती परत येत नाही. त्या पोलचा उपयोग असेल तर पोलपुरते पैसे द्या. आणि चिकट नसेल, नुसती बुरशीचे काळे ठिपके असतील तर साबणाच्या कोमट पाण्याने हाताने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मशीनमध्ये टाकू नका. मग एकदा गच्चीत लावून बादलीभर पाणी ओता आणि पंधरा मिनिटांनी शिवणी बोटाने चाचपा, त्यानंतर किमतीचं बोला.