गठ्ठा आतून गरम का होतो? चारा वाळवणी आणि बेलरविषयीच्या प्रश्नांना उत्तर

शेतकरी बंधू-भगिनींनो,

वाळल्या चाऱ्याच्या गठ्ठ्यांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी तीन पुन्हा पुन्हा दिसतात. गठ्ठे बाहेरून कोरडे असतात, पण फोडले की आत ऊब आणि बुरशी का निघते? बेलर, म्हणजे चारा दाबून गठ्ठे बांधणारे यंत्र, चौकोनी गठ्ठ्याचे घ्यावे की गोल? गठ्ठे वाकडे होतात, गाठ सुटते, त्यावर उपाय काय? तिन्हींची उत्तरे एकत्र देतो, कारण बेलरवर येणारा बहुतेक दोष त्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत रानातच झालेला असतो.

कापतेवेळी हिरव्या चाऱ्यात ७५ ते ८० टक्के पाणी असते. कापला म्हणून चारा लगेच मरत नाही. ओल ४० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत त्याचे श्वसन चालू राहते आणि त्यात साखर खर्च होते. म्हणून पहिला दिवस सर्वांत मोलाचा. कापलेला चारा अरुंद ओळीत न टाकता जेवढा रुंद पसरता येईल तेवढा पसरा. ऊन आणि वारा जास्त पानांना लागतो. जमिनीपासून ७ ते १० सेंटिमीटर खुंट ठेवून कापा. चारा खुंटांवर उचललेला राहतो, खालून हवा खेळते आणि मातीही कमी येते. कापणीचे यंत्र डिस्क मोअर असो वा ड्रम मोअर, पाती धारदार असली म्हणजे झाले.

खरी अडचण दांड्याची आहे. पाने लवकर वाळतात, दांड्याची मेणचट साल आतले पाणी धरून ठेवते. मोअर-कंडिशनरचे (कापता कापता चारा ठेचणाऱ्या यंत्राचे) रोलर दांडा ठेचून त्याला चिरा पाडतात, त्या एवढ्यासाठीच. लसूणघासासारख्या जाड दांड्याच्या पिकात त्याचा फायदा ठळक दिसतो. चारा उलटून पसरण्यासाठी टेडर आहे, पण तो पाला ओलसर असतानाच फिरवा.

ओळी ओढण्याची वेळ तर नक्की चुकवू नका. लसूणघासातली जवळपास दोन तृतीयांश प्रथिने पाल्यात असतात, आणि पाला कडक झाल्यावर रेक (चारा ओढून ओळी लावणारे अवजार) फिरवला की तो झडून मातीत जातो. मागे काड्या राहतात. गठ्ठा दिसायला तेवढाच भरतो, जनावराच्या पोटात मात्र प्रथिने जात नाहीत. ओल ३५ ते ४० टक्के असताना, किंवा सकाळी दवाने पाला मऊ असताना रेक करा. बेलर मात्र दव उतरल्यावरच चालवा.

आता ऊब आणि बुरशीचा प्रश्न. लहान चौकोनी गठ्ठ्यासाठी ओल १८ ते २० टक्क्यांच्या वर नको. मोठ्या गोल गठ्ठ्यासाठी १५ ते १८ धरा. गठ्ठा जितका मोठा आणि घट्ट, तितकी आतली ऊब बाहेर पडायला अवघड, म्हणून ओलही कमी हवी. हाताने पिळून अंदाज येतो, पण पाने चुरचुरली म्हणून फसू नका. दांडा नखाने खरवडून पाहा, साल सुटत असेल तर तो वाळलेला नाही. खात्रीसाठी ओळीच्या तळातला १०० ग्रॅम चारा बारीक करून मायक्रोवेव्हमध्ये थोडा थोडा वेळ तापवा, सोबत पेलाभर पाणी ठेवा, आणि दर वेळी वजन करा. वजन घटायचे थांबले की जितके ग्रॅम कमी झाले तितके टक्के ओल होती.

ओला चारा बांधला गेलाच असेल तर तो बंद जागेत रचू नका. पहिले काही आठवडे जोखमीचे असतात. टोकदार लोखंडी नळी थप्पीत खुपसा, दोरीला बांधलेला थर्मामीटर आत सोडा. ५५ अंश सेल्सिअस भरले तर रोज पाहा. ६५ ते ७० झाले तर दर काही तासांनी. ८० च्या पुढे गेले तर थप्पी उपसायला जाऊ नका, आधी अग्निशमन दलाला बोलवा. आत एकदम हवा शिरली की पेट घेतो. जळून पोकळ झालेल्या थप्पीवर चढलेला माणूस आत कोसळतो, तेव्हा वर कोणालाही चढू देऊ नका.

कोणता बेलर घ्यावा हे चारा कोण हलवणार यावर ठरवा. चौकोनी बेलरमध्ये पिकअपचे काटे ओळ उचलतात आणि चारा कक्षात ढकलला जातो. तिथे प्लंजर (पुढे-मागे होणारा दट्ट्या) प्रत्येक ठोक्याला एक थर दाबतो. लांबी मोजणारे दातेरी चाक गाठयंत्र सुरू करते, सुया सुतळी पलीकडे नेतात आणि गाठ बसते. असा गठ्ठा साधारण १५ ते ३० किलोचा, माणसाला उचलता येणारा, आणि चारताना थर सहज सुटणारा. गोल बेलर पट्ट्यांत किंवा रोलरांत चारा सतरंजीसारखा गुंडाळतो आणि वरून जाळी किंवा सुतळी घालतो. काम झपाट्याने होते, पण गठ्ठा शेकडो किलोंचा, म्हणून लोडर हवाच. थोडी जनावरे आणि हाताने चारणे असेल तर माझे मत चौकोनीच्या बाजूने आहे.

गठ्ठा केळ्यासारखा वाकत असेल तर प्लंजरच्या पात्याची धार पाहा आणि चारा कक्षात एकाच बाजूला जातो का ते तपासा. एका गठ्ठ्यात १२ ते १८ थर यावेत. फार कमी येत असतील तर ट्रॅक्टर हळू चालवा. गोल बेलरमध्ये ओळ पिकअपपेक्षा अरुंद असेल तर काही वेळ डावी बाजू भरा, मग चटकन उजवीकडे या. सतत नागमोडी चालवले की मधला भाग फुगतो.

गाठ सुटली तर सुटलेले टोक हातात घेऊन बघा. विसकटलेले, दबून तुटल्यासारखे असेल तर सुतळी धरणारी चकती जास्त आवळली आहे. टोक नुसते निसटले असेल तर ती सैल आहे. गाठयंत्रात साचलेला भुसा रोज झाडा आणि यंत्राला सांगितलेल्या जाडीचीच सुतळी वापरा.

साठवणीत गठ्ठ्याखाली लाकडी फळ्या ठेवा, जमिनीची ओल वर चढते. उघड्यावरचा दीड मीटर व्यासाचा गोल गठ्ठा भोवताली फक्त १५ सेंटिमीटर खराब झाला तरी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त चारा गेला, कारण बाहेरच्या थरातच घनफळ जास्त असते. झाकणे परवडते.

आणि चारा अडकला तर पीटीओ (ट्रॅक्टरची शक्ती यंत्राला देणारा फिरता दांडा) बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि फ्लायव्हील (बेलरचे जड फिरते चाक) पूर्ण थांबेपर्यंत हात लांब. पिकअप चालू असताना अडकलेला चारा हाताने ओढायला किंवा पायाने रेटायला जाऊ नका. काटे चारा सोडण्याआधी माणसाला आत ओढतात. गोल बेलरच्या मागच्या दाराखाली जायचे असेल तर आधी त्याचा सुरक्षा खटका लावा. उतारावर गोल गठ्ठा सोडताना तो आडवा, घरंगळणार नाही असा सोडा, आणि खालच्या बाजूला कोणी उभे नाही हे पाहूनच दार उघडा.