क्लायंट टेक्ससचा, घर न्यू जर्सीत: टॅक्स कुठे भरायचा?

ताई, एच-४ ईएडीवर (एच-१बी व्हिसाधारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर) स्वतःचं काम सुरू केलंत, मनापासून अभिनंदन. क्लायंट टेक्ससचा आहे आणि तिथे स्टेट इन्कम टॅक्स नाही, म्हणून आपल्यालाही नाही, असं समजू नका. नव्याने काम सुरू करणारे बरेच जण इथेच अडकतात. तुम्ही न्यू जर्सीच्या रहिवासी आहात, त्यामुळे पैसे कुठूनही येवोत, सगळी कमाई न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये दाखवावीच लागते.

कॅलिफोर्नियाच्या क्लायंटचं प्रकरण वेगळं. तुम्ही काम कुठे बसून केलंत यापेक्षा सेवेचा फायदा कुठे मिळाला, हे ते राज्य बघतं. २०१९ च्या बिंडली प्रकरणात ॲरिझोनात बसून लिहिणाऱ्या पटकथालेखकाला कॅलिफोर्नियाचा कर लागू झाला होता. रक्कम मोठी असेल तर तिथलं ५४०एनआर (राज्याबाहेर राहणाऱ्यांचा रिटर्न फॉर्म) भरावं लागू शकतं. आणि त्या कराचं क्रेडिट, म्हणजे तिथे भरलेली रक्कम इथल्या करातून वजा करणं, न्यू जर्सी पूर्ण देईलच असं धरून चालू नका, दोन्ही राज्यांचे नियम दरवेळी जुळत नाहीत. इथे मात्र सीपीएचे (परवानाधारक अकाउंटंटचे) पैसे वाचवू नका.

न्यूयॉर्कच्या 'कन्व्हीनियन्स' नियमाची (तिथल्या कंपनीचं काम आपल्या सोयीने राज्याबाहेरून केलं तरी न्यूयॉर्कचा कर) धास्ती घेऊ नका, तो नोकरदारांसाठी आहे.

पगारातून आपोआप टॅक्स कापला जायची सवय असते, म्हणून स्वतःचं काम करणारे टॅक्सचे आगाऊ भरायचे हप्ते विसरतात. १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी या तारखा आजच कॅलेंडरवर लिहा. वर्षाचा राज्य कर ४०० डॉलरवर जाणार असेल तर न्यू जर्सीलाही हप्ते लागतात. फेडरलचा १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठीचा) वेगळाच. प्रत्येक चेकमधले थोडे पैसे लगेच दुसऱ्या खात्यात टाकत जा.