वाचकांचे प्रश्न : चौदा जणांची एकच याचिका चालेल का?

प्रश्न : गेल्या हिवाळी अधिवेशनात आम्हा कंत्राटी सफाई कामगारांचा मोर्चा यशवंत स्टेडियमवरून निघणार होता. आदल्या संध्याकाळी पोलिसांनी चौदा जणांना घरून उचलले आणि दोन रात्री ठाण्यात बसवून ठेवले. तिसऱ्या दिवशी चॅप्टर केस (शांतता राखण्याची हमी घेण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई) करून ऐपतदार जामीनदार मागितले. आठ जणांना ते मिळाले. उरलेल्या सहा जणांची रवानगी मध्यवर्ती कारागृहात झाली आणि ते चार दिवसांनी सुटले. परदेशात अशा वेळी सर्वांच्या वतीने एकच दावा लावून भरपाई घेतात, असे ऐकले. आम्हाला तसे करता येईल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : एकत्र येऊन दाद मागता येईल, मात्र भरपाई प्रत्येकाची स्वतंत्रपणे ठरेल. समूहाच्या वतीने दाद मागण्याची खास तरतूद आपल्याकडे कंपनी कायद्यात आणि ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. बेकायदा कोठडीसाठी तशी वेगळी पद्धत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 1, नियम 8 प्रमाणे एकाला अनेकांच्या वतीने दावा लावता येतो, पण येथे प्रत्येकाचे स्वतःचे स्वातंत्र्य हिरावले गेले असल्याने चौदाही जणांनी नावानिशी अर्जदार व्हावे आणि प्रत्येकाने आपले प्रतिज्ञापत्र वेगळे द्यावे, हे अधिक सुरक्षित.

तुमच्या हकिकतीत दोन प्रश्न मिसळले आहेत. पहिला चौदाही जणांचा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 नुसार अटक केलेल्या व्यक्तीस, प्रवासाचा वेळ वगळून, 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 170 खालील प्रतिबंधक अटकही एरवी 24 तासांपुढे नेता येत नाही. दुसरा प्रश्न फक्त सहा जणांचा आहे, कारण त्यांना तुरुंगात धाडताना कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश झालेला असणार. तो आदेश कोणत्या कारणांवर काढला, म्हणणे मांडण्याची संधी दिली का, कामगारांकडे ऐपतदार जामीनदाराचा हट्ट का धरला, हे मुद्दे स्वतंत्रपणे उपस्थित करून आदेशालाच आव्हान द्यावे लागेल. ही विभागणी केली नाही, तर सरकारी वकील सहा जणांच्या आदेशाची ढाल चौदा जणांपुढे धरतील.

माझ्या मते आधी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे अनुच्छेद 226 खाली रिट याचिका (हक्कभंगाबद्दल थेट उच्च न्यायालयाकडे दाद मागणारी याचिका) करावी. रुदुल साह प्रकरणात (1983) निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिलेल्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाने आधीचे पाच हजार धरून 35,000 रुपये दिले आणि दिवाणी दाव्याची वाटही खुली ठेवली. भीम सिंह प्रकरणात (1985) आमदाराच्या बेकायदा अटकेबद्दल 50,000 रुपये मिळाले, तर निलबती बेहरा निकालाने (1993) अशा याचिकेत सरकारला सार्वभौमत्वाचा बचाव (राज्यसत्तेचे काम करताना झालेल्या चुकीला सरकार जबाबदार नाही, हा युक्तिवाद) घेता येत नाही, हे पक्के केले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 399 मधील एक हजार रुपयांपर्यंतच्या भरपाईचा सल्ला कोणी दिला तर तो कानाआड करावा. ती रक्कम विनाकारण अटक करवणाऱ्या माणसाकडून मिळते, आणि तुमच्या प्रकरणात असा तक्रारदारच नाही.

रिट न्यायालय सहसा वादग्रस्त तथ्यांच्या खोलात शिरत नाही. ‘पोलीस म्हणतात, सकाळीच सोडले’ असा वाद उभा राहिला तर तुम्हाला दिवाणी न्यायालयात पाठवले जाऊ शकते आणि तेथे मुदत फार तोकडी आहे. बेकायदा स्थानबद्धतेच्या भरपाईचा दावा सुटकेपासून एका वर्षात लावावा लागतो, शिवाय सरकारला दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळला जातो, तरी त्या भरवशावर राहू नये.

म्हणून पुरावा आताच गोळा करा. ठाण्याच्या स्टेशन डायरीतील त्या तीन दिवसांच्या नोंदी, चॅप्टर केसची कागदपत्रे आणि सहा जणांचे कारागृहातून सुटकेचे दाखले यांच्या प्रती मागा. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठाण्यांतील सीसीटीव्ही चित्रण अठरा महिने, आणि यंत्रणा अपुरी असल्यास किमान एक वर्ष, जपण्यास सांगितले आहे. ते पुसू नये असे पत्र पोलीस आयुक्तांना आजच द्या आणि त्याची पोच घ्या.

वकिलाच्या खर्चाची अडचण असल्यास उच्च न्यायालयातील विधी सेवा उपसमितीकडे अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार अशा काही गटांना उत्पन्नाची अट नाही. या गटांत न बसणाऱ्यांना मात्र उत्पन्नाचा दाखला जोडावा लागेल.