ट्रंकेतली पत्रे ठेवावीत का?

घरातील जुनी पत्रे, आठवणी आणि आवडत्या वस्तू यांविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी तीन प्रश्न या अंकात घेत आहोत. तिन्ही प्रश्न एकाच विषयाच्या जवळपासचे असल्यामुळे उत्तरे एकत्र वाचावीत.

प्रश्न : माझे वडील लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात (विणकामाच्या विभागात) होते आणि आई रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी शेती सांभाळत असे. १९८२च्या संपानंतर वडील कायमचे गावी परतले, तेव्हा आईने पाठवलेली पत्रे ते ट्रंकेत घालून घेऊन आले होते. आता दोघेही नाहीत. घराच्या दुरुस्तीसाठी माळा रिकामा करताना ती पत्रे आणि आईने जपलेली मनीऑर्डरची कुपने सापडली. माझा मुलगा म्हणतो की त्यांत पाऊस, म्हैस आणि पोचलेले पैसे याखेरीज काहीच नाही. शिवाय आईला लिहिता येत नव्हते. तिची सगळी पत्रे शाळेतील गुरुजींच्या हातची आहेत. ही ठेवण्यासारखी आहेत का?

उत्तर : अवश्य ठेवावीत, आणि मुलाने ज्या मजकुराला ‘काहीच नाही’ म्हटले त्याच मजकुरासाठी ठेवावीत. गिरणगावाचा इतिहास, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप आणि त्यानंतर गावी परतलेली कुटुंबे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते ग्रंथालयांत मिळते. परंतु कोणत्या वर्षी आपल्या घरची लावणी पावसासाठी खोळंबली, म्हैस व्याली तेव्हा खरवस कोणाकोणाकडे गेला, मुंबईहून आलेल्या पैशांतून आधी दुकानदाराची उधारी फेडली की मुलांची वह्या-पुस्तके घेतली, हे आपल्या ट्रंकेखेरीज कोठेही नोंदलेले नाही. मोठ्या घटनांच्या बाबतीतही असेच होते. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्याची तीव्रता शास्त्रज्ञांनी मोजून ठेवली. पण त्या पहाटे पोरांना घेऊन अंगणात कोण बसून राहिले आणि घरात परत पाऊल टाकण्याचे धाडस प्रथम कोणी केले, हे त्या काळी लिहिलेल्या एखाद्या कार्डातच सापडेल. १९७२च्या दुष्काळातील खडी फोडण्याची कामे, मजुरांना मिळणारा सुकडी हा पूरक आहार आणि रेशनवर मिळणारा मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) यांच्या खऱ्या आठवणी देशावरच्या घरांतील अशाच पत्रांत पडून आहेत, आणि घरे पाडली जात असताना त्या रद्दीत जात आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता गुरुजींच्या हस्ताक्षराविषयी. ‘कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’ येथपर्यंतचा मजकूर बहुधा गुरुजींचा असतो आणि ‘कळावे, लोभ असावा’ हाही त्यांचाच. परंतु मधल्या ओळी सावकाश वाचा. वाक्य मध्येच तुटते, एकच गोष्ट दोनदा येते, ‘तब्येतीस जपून असावे’ या छापील थाटाच्या वाक्याशेजारीच ‘खानावळीत पोट भरत नसंल तर तसं कळवा’ असे घरच्या बोलीतले काही येऊन जाते. तेथे गुरुजींची लेखणी बोलणाऱ्या बाईच्या मागे धावत असते. पडवीत बसून, शेजारीपाजारी ऐकत असताना, परक्या माणसाकडून नवऱ्याला पत्र लिहवून घेणाऱ्या स्त्रीला मनातले सगळे उघड सांगणे शक्य नव्हते, म्हणून ‘म्हैस आटली’ किंवा ‘गणपतीला येणे व्हावे’ यांसारख्या साध्या वाक्यांवर कितीतरी भार पडलेला असतो. आपण त्या घरात वाढला आहात, त्यामुळे तो भार ओळखू शकणारे कदाचित आपणच शेवटचे असाल. म्हणूनच पत्रे नुसती न ठेवता, वाचताना जे आठवेल ते शेजारी वेगळ्या वहीत लिहून काढा : अमुक नाव कोणाचे, तमुक कर्ज कशासाठी, म्हशीचे नाव काय.

मनीऑर्डरची कुपनेही टाकू नयेत. फॉर्मच्या खालच्या त्या इवल्याशा जागेत वडिलांनी लिहिलेली दोन-तीन वाक्ये रकमेसह त्या महिन्याचा सगळा हिशेब सांगतात. ती तारीखवार लावली की कोणत्या महिन्यात रक्कम घटली आणि केव्हा ती थांबली, हे आपोआप समोर येते.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या काळातील पत्रे तारेच्या आकड्याला अडकवलेली आहेत. बऱ्याच पत्रांवर तारीख नाही, काही मोडीत आहेत. ती कशी लावावीत आणि कशी टिकवावीत?

उत्तर : तारीख शोधण्यासाठी प्रथम टपालाचा शिक्का पाहावा, टपाल कार्यालयाचे नाव आणि दिनांक त्यावर असतो, त्यामुळे नातवंडांना तिकिटे कापून देऊ नयेत. तिकिटाची किंमत आण्यांत असेल तर ते तिकीट १ एप्रिल १९५७च्या आधीच्या छपाईचे समजावे, कारण त्या दिवशी नवे पैसे सुरू झाले. पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. ही पद्धत घडवणारे टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे मोठे पंडित होते, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा. केवळ तिथी आणि शक दिलेला असेल तर शकात ७८ मिळवावेत, मात्र साधारण पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या पत्रांसाठी बहुधा ७९ मिळवावे लागतात.

पत्रे आकड्यावरून काढताना ओढू नयेत, तार वाकवून एकेक सोडवावे. टाचण्या आणि पिना काढून टाकाव्यात, कारण आपल्याकडच्या पावसाळी हवेत त्यांचा गंज कागद खातो. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर कधीच करू नये. ते पुन्हा काढता येत नाही. पत्रे उलगडून, आम्लरहित कागदाच्या पाकिटांत, कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवावीत आणि पावसाळा संपल्यावर एकदा बाहेर काढून कसर लागलेली नाही ना ते पाहावे. खिडकीजवळच्या उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊन ती दोन ठिकाणी साठवावीत. मोडी पत्रे वाचता येत नाहीत म्हणून बाजूला सारू नयेत. १९१० साली वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांमध्ये मोडीच्या जाणकारांचा पत्ता लागू शकतो. राजवाड्यांनी गोळा केलेली कितीतरी साधने अशीच लोकांच्या घरांतून आली होती.

प्रश्न : वडिलांच्या पत्रांत काकांबरोबरच्या जमिनीच्या भांडणाविषयी फार कडवट मजकूर आहे. काकांची मुले आज आमच्याशी प्रेमाने वागतात. ही पत्रे नष्ट करावीत का?

उत्तर : नष्ट करू नयेत, पण वाटूही नयेत. वाईट बातमीचे कार्ड वाचून लगेच फाडून टाकण्याची आपल्याकडे पद्धत होती आणि तिच्यामागील भावना मला समजते. मात्र रागाच्या भरात लिहिलेले पत्र हे त्या दिवसापुरते असते, आणि ते फाडल्यावर पुढे झालेल्या समेटाचा अर्थही अर्धवट राहतो. अशी पत्रे वेगळ्या पाकिटात घालून, वर ‘अमुक सालापर्यंत उघडू नये’ असे लिहून ठेवावे आणि ही गोष्ट घरातील एका समंजस व्यक्तीला सांगावी. त्या पाकिटातील पत्रांची छायाचित्रे मोबाईलवर घेऊ नयेत. काकांच्या हातची जुनी, प्रेमाची पत्रे त्याच ट्रंकेत निघाली, तर ती मात्र आजच त्यांच्या मुलांना नेऊन द्यावीत.