एंटर दाबल्यावर काय व्हावं?

प्रश्न : ताई, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माझ्या मामांचा गाळा आहे. नोकरी सांभाळून मी त्यांना पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या, करायचा नवा प्रोग्रॅम लिहून दिला. आधीचा काळ्या पडद्याचा होता, माऊस नव्हताच. नव्यात मोठी बटणं आहेत, एकेक गोष्ट विचारत तो पुढे नेतो. नुकतीच लागलेली बी.कॉम.ची मुलगी दोन दिवसांत शिकली. पण वीस वर्षं गाळ्यावर हिशोब लिहिणारे मेहताजी म्हणतात, "जुन्यावर पाच पट्ट्या होतात तेवढ्यात यावर एक होते." वर त्यांच्या पट्ट्या अर्धवट सेव्ह होतात. 'सोपा' आणि 'जाणकार' असे दोन वेगळे स्क्रीन करू का?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : नका करू. मेहताजींचं म्हणणं वयाची कुरकुर समजून सोडून दिलं नाहीत, हे मात्र फार चांगलं केलंत.

तुमच्या मामांचा गाळा मी पाहिलेला नाही. पण त्याच मार्केटमधल्या एका गाळ्यावर मी दोन पहाटे बसले आहे, गोण्यांच्या थप्पीला टेकून. तिथले मेहताजी पट्टी कशी करतात ते बघत होते. डाव्या हाताचं बोट वहीतल्या ओळीवर, उजवा हात आकड्यांच्या बटणांवर. ५ च्या बटणावर बारीकसा उंचवटा असतो. मधलं बोट त्याला लागलं की बाकीचे आकडे हाताला आपोआप सापडतात. गोण्या, एंटर. वजन, एंटर. भाव, एंटर. मग हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं. नजर वहीवरून उठतच नव्हती. पडद्याकडे बघायचे ते फक्त शेवटच्या रकमेसाठी.

आता या माणसाच्या हातात माऊस द्या. प्रत्येक रकान्याला उजवा हात उचलायचा, बाण शोधायचा, नेमक्या जागी न्यायचा, पुन्हा आकड्यांवर यायचं, तोवर वहीतली ओळ हरवलेली. पाचास एक हे मेहताजी वाढवून सांगत नसणार.

पट्ट्या अर्धवट का सेव्ह होतात, तेही इथेच आहे. जुन्या प्रोग्रॅममध्ये एंटर म्हणजे 'पुढचा रकाना'. आजच्या बहुतेक फॉर्ममध्ये पुढे जायला टॅब असतो, आणि एंटर म्हणजे 'झालं, पाठव'. मेहताजी वजन भरून सवयीने एंटर दाबतात आणि तुमचा प्रोग्रॅम भाव न घेताच पट्टी बंद करतो. यात त्यांची चूक काडीचीही नाही. आणखी एक तपासा : तुमचा पुढचा स्क्रीन उघडेपर्यंत दाबलेली बटणं गळतात का? डॉसच्या, म्हणजे त्या काळ्या पडद्याच्या, काळात पडदा मागे राहिला तरी पंधराएक बटणं रांगेत थांबायची, वाया जायची नाहीत. बोटं पडद्याच्या पुढे धावणाऱ्या माणसाला याचा केवढा आधार असतो!

दोन स्क्रीन नकोत, हे मी हात पोळून सांगते आहे. ठाण्यात नौपाड्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरसाठी मी असाच 'नवीन / अनुभवी' खटका दिला होता. काही महिन्यांनी गेले तर अकरा वर्षं काउंटर सांभाळणाऱ्या बाईही 'नवीन'वरच काम करत होत्या. सेटिंगला हात लावायला कोणी धजत नव्हतं. त्याआधी एकदा कोणीतरी तो 'अनुभवी'वर ठेवून गेलं आणि रात्रपाळीची नवी मुलगी, समोर पेशंट उभा असताना, रडकुंडीला आली होती. कॉम्प्युटर एकच आणि बसणारे चार, अशा जागी खटका कोणासाठी लावायचा?

आणि माणसं अशी दोन खणांत बसतही नाहीत. पट्टीत मेहताजी उस्ताद आहेत. पण तीच पट्टी शेतकऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवायची म्हटलं की ते नवखे, आणि ती मुलगी उस्ताद. म्हणजे त्या जागी मोठं, स्वच्छ अक्षरातलं बटण मेहताजींनाच हवं आहे.

तेव्हा स्क्रीन एकच ठेवा, वाटा दोन द्या. शेतकरी शोधायच्या चौकटीत खातं क्रमांकही चालू दे आणि नावाची पहिली अक्षरंही. मेहताजींना दीडशे खाती तोंडपाठ असतील, ते १४२ टाकून पुढे जातील. मुलगी 'शिं' लिहून यादीतून निवडेल. पडद्यावरच्या प्रत्येक बटणावर त्याची कीबोर्डवरची किल्ली कायम छापलेली असू दे : 'नवी पट्टी – एफ २', 'छापा – एफ ९'. मदतीच्या पानात नको, बटणावरच. रोज माऊसने तिथे जाताना ती नजरेखालून जाते आणि एक दिवस हात आपणहून किल्लीवर पडतो. सावकाश वाटेवर चालतानाच जलद वाट दिसत राहिली पाहिजे, माझा सगळा भर यावर आहे.

नवख्यांसाठी काही दडवावंसं वाटलं तर दडवू नका, बंद करा. १९८४ मध्ये जॉन कॅरोल आणि कॅरोलाइन कॅरिथर्स यांनी आयबीएमच्या एका वर्ड प्रोसेसरवर हे करून पाहिलं. अवघड पर्याय मेनूत जागच्या जागीच ठेवले; निवडले तर 'हे सध्या मिळणार नाही' एवढंच उत्तर. शिकणाऱ्यांचं काम लवकर सुरू झालं, चुका निस्तरण्यात वेळ कमी गेला. याउलट ऑफिस २००० मधले मेनू कमी वापरातल्या ओळी आपणहून दडवत, त्यामुळे ओळखीच्या जागाच हलायच्या. २००७ मध्ये वर्डसारख्या मुख्य प्रोग्रॅममधून ते मेनूच गेले. मेहताजींच्या बोटांना जागा पाठ आहेत, त्या हलवू नका.

'नक्की सेव्ह करायचं का?' हा प्रश्न काढून टाका. दिवसातून शंभरदा विचारलं की माणूस न वाचताच 'हो' म्हणतो. त्याऐवजी शेवटची पट्टी दुरुस्त करायची किंवा रद्द करायची सोय द्या. रद्द पट्टीचा नंबर मात्र नोंदीत राहू दे.

बाकी सगळं सवडीने करा. एंटरचं तेवढं उद्या मेहताजी गाळ्यावर यायच्या आत दुरुस्त करून द्या.