वाचक विचारतात : ‘सिक’ म्हटल्यावर काळजी करायची की खूश व्हायचं?

प्रश्न : माझा मुलगा स्केटबोर्ड खेळतो. पायऱ्यांवरून उडी मारल्याचा व्हिडिओ त्याने टाकला, तर त्याच्या परदेशी मित्राने खाली एवढंच लिहिलं, ‘सिक!’ मुलाने त्याला ‘थँक्स’ म्हटलं. मला ‘सिक’ म्हणजे आजारी एवढंच ठाऊक. हे कौतुक आहे का? आणि ते ओळखायचं कसं?
— एक आई

उत्तर : कौतुकच आहे, आणि तेही घसघशीत. मित्राला म्हणायचंय, ‘काय खतरनाक उडी मारलीस!’ ‘खतरनाक’ मी मुद्दाम लिहिलं. परदेशी मालिकांचे मराठी सबटायटल्स लिहिणं हे माझं रोजचं काम आहे. तिथे असा ‘सिक’ आला की ‘छान’ लिहून भागत नाही. बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकलाय आणि म्हणून तो खूश आहे, हे ‘छान’मध्ये येत नाही. ‘खतरनाक’, ‘कडक’, ‘जबरी’ यांत ते येतं. आपणही ‘भयंकर आवडलं’ म्हणतोच की.

हा अर्थ अमेरिकेतल्या तरुणांच्या बोलीत 1980च्या दशकात रुळला. स्केटबोर्ड, सर्फिंग, स्नोबोर्ड खेळणाऱ्यांनी तो उचलून धरला. खेळ हाडं मोडणारा, त्यामुळे शाबासकीलाही तसाच शब्द लागला. इंग्रजीत हे नवीन नाही. ‘विकेड’ म्हणजे दुष्ट, पण कौतुक म्हणूनही चालतो. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीत ‘बॅड’ म्हणजे फार चांगला, हेही जुनंच. ‘टेरिफिक’ तर मुळात धडकी भरवणारा, आज त्यातली धडकी कुणाला जाणवतही नाही.

आता ओळखायचं कसं? मी आधी बघते, शब्द कुणाला लागलाय. ‘माय सन इज सिक’ म्हटलं तर मुलगा आजारी आहे. ‘दॅट जम्प वॉज सिक’ म्हटलं तर उडी भारी झाली, कारण उडीला ताप येत नाही. बूट, गाणं, गोल, गाडी यांना ‘सिक’ म्हटलं की बिनधास्त कौतुक समजा.

पण माणसाच्या बाबतीत जरा थांबावं लागतं. ‘ही इज सिक’ म्हणजे तो आजारी आहे. ‘ही इज सिक ऑन द ड्रम्स’ म्हणजे तो ड्रम्स अफाट वाजवतो. ‘अ सिक चाइल्ड’ म्हणजे आजारी मूल, आणि ‘अ सिक ड्रमर’ म्हणजे बहुतेक वेळा कमालीचा वादक. माणसासोबत त्याचं कसब आलं की अर्थ उलटतो. तरी ‘बहुतेक वेळा’ म्हणते ते उगाच नाही. वाक्य दवाखान्यातल्या प्रसंगातलं असेल, तर तो ड्रमर खरोखरच आजारी असतो. म्हणून मी सुटं वाक्य कधीच भाषांतराला घेत नाही, आधीची दोन मिनिटं बघून घेते.

तिसराही अर्थ आहे आणि तुम्हाला काळजी वाटायला हवी ती त्याची. क्रूर, विकृत, किळसवाणं. ‘अ सिक जोक’ म्हणजे कुणाच्या मरणावर, दुःखावर केलेला विनोद. ‘यू आर सिक!’ असं चिडून म्हटलं तर ‘डोकं ठिकाणावर आहे का तुझं?’ इथे ‘सिक’च्या आधी बऱ्याचदा ‘जस्ट’ येतं, ‘दॅट्स जस्ट सिक’, आणि बोलणारा तो शब्द तोडून टाकतो. कौतुक करणारा उलट स्वर लांबवतो, लिहिताना ‘सिऽऽक’ असा चार-चार ‘आय’ घालून लिहितो. मुलाला कुणी त्रास देत असेल अशी शंका आली, तर एकट्या शब्दावर जाऊ नका, त्याच्या आगेमागे काय लिहिलंय ते वाचा. तुमच्या मुलाने ‘थँक्स’ म्हटलं म्हणजे त्याला अर्थ बरोबर कळलाय. त्या उडीबद्दल त्याला जरूर विचारा, खुलेल तो.

प्रश्न : आमच्या टीममध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन दोघेही आहेत. ब्रिटिश सहकारी म्हणाली, ‘आय वॉज सिक इन द कार.’ मी विचारलं, ताप होता का? ती गोंधळली. माझं काय चुकलं?
— एक नोकरदार वाचक

उत्तर : तिला गाडीत उलटी झाली होती. ब्रिटनमध्ये ‘टू बी सिक’ म्हणजे बहुतेक वेळा ओकणं, ‘फीलिंग सिक’ म्हणजे मळमळणं. उलटीलाही तिथे ‘सिक’च म्हणतात. साधं आजारपण सांगायला ब्रिटिश माणूस ‘इल’ म्हणतो. अमेरिकन मात्र सर्दी-तापालाही सर्रास ‘सिक’ म्हणतो आणि मळमळ सांगायची झाली तर ‘सिक टू माय स्टमक’ असं पोटाचं नाव घेतो. सुट्टीच्या बाबतीत ब्रिटिशही ‘सिक’कडेच वळतो. आजारपणाची रजा ‘सिक लीव्ह’, घरी असेल तर तो ‘ऑफ सिक’. अमेरिकन तेव्हा ‘आउट सिक’ असतो. खोटं आजारपण सांगून मारलेल्या दांडीला ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात ‘सिकी’ म्हणतात. हा शब्द साहेबांसमोर नको.

ब्रिटनमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीला ‘सिक नोट’ म्हणत. 2010 साली तिच्या जागी ‘फिट नोट’ आली. आता डॉक्टर माणूस कामाला येऊ शकत नाही एवढंच लिहीत नाही, हलकं काम किंवा कमी तास जमतील का, तेही लिहू शकतो. लोकांच्या तोंडी अजून ‘सिक नोट’च आहे. सहकाऱ्यांच्या बोलण्यात ‘सिक ॲज अ पॅरट’ आलं, तर पोपट कुणाचा आजारी पडला असं विचारू नका. आपला संघ हरल्यावर ब्रिटिश माणूस इतका खट्टू होतो.

प्रश्न : इंग्रजी साहित्याच्या अभ्यासात जुन्या बायबलमधली ओळ आहे, ‘आय ॲम सिक ऑफ लव्ह.’ मी ‘मला प्रेमाचा वीट आला आहे’ असं लिहिलं, पण पुढच्या-मागच्या ओळींशी ते जुळत नाही.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : जुळत नाही हे तुमच्या लक्षात आलं, ते मला फार आवडलं. आजच्या इंग्रजीत ‘सिक ऑफ’ म्हणजे वीट येणं, ‘सिक अँड टायर्ड ऑफ’ म्हणजे अगदी जीव विटणं. तुम्ही आजचा अर्थ लावलात, पण ओळ 1611 सालच्या किंग जेम्स बायबलमधली आहे, गीतरत्न या प्रेमकाव्याच्या दुसऱ्या अध्यायातली. तिथे ‘ऑफ’ म्हणजे ‘मुळे’. प्रेयसी म्हणते आहे, मी प्रेमाने आजारी झाले आहे, मला सफरचंदं देऊन ताजंतवानं करा. विटलेलं माणूस असा हट्ट करील का? ‘प्रेमज्वराने मी व्याकूळ झाले आहे’ असं काहीसं लिहा. शब्द तुमचे तुम्ही निवडा, फक्त आजारपण सुटू देऊ नका, कारण सफरचंदांचं मागणं त्यावरच उभं आहे. हा घोळ इंग्रजी वाचकांचाही होऊ शकतो. 1982 साली पूर्ण झालेल्या न्यू किंग जेम्स आवृत्तीत त्या जागी सरळ ‘लव्हसिक’ घातलं आहे. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून त्या अध्यायाची पहिली सात वचनं वाचा, भाषांतराला लगेच हात घालू नका.