कुत्रा कोठे सोडला, ते आधी मुलीला सांगा

सातारा जिल्ह्यातील एका वडिलांच्या पत्राचा आशय असा : मुलगी बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली आहे, नीटचे दोन प्रयत्न झाले आहेत, दुसऱ्यात 341 गुण मिळाले आहेत आणि आता तिला एमबीबीएस नको, ‘प्राण्यांसाठी काहीतरी’ करायचे आहे. अभ्यासात लक्ष लागावे म्हणून वडिलांनी तिने दोन वर्षे सांभाळलेला कुत्रा वीस किलोमीटर दूर महामार्गालगत नेऊन सोडला आणि तो पळून गेला असे घरी सांगितले. हा नाद कसा सोडवावा आणि तिसऱ्या प्रयत्नाला तिला कसे बसवावे, असे त्यांनी विचारले आहे.

महोदय,

आपल्या पत्रात गुणांसाठी दीड पान खर्ची पडले आहे आणि कुत्र्यासाठी अवघ्या दोन ओळी. मला मात्र त्या दोन ओळींपुढे जाता आले नाही. मुलीच्या आवडीला विरोध करण्याचा बापाला अधिकार आहे आणि तो विरोध पुष्कळदा काळजीपोटी असतो, हेही मी जाणतो. परंतु एकोणीस वर्षांची मुलगी शिकवणीला गेली असताना तिचा कुत्रा गाडीत घालून न्यावा, संध्याकाळी ती त्याला हाका मारीत गल्लोगल्ली फिरत असताना आपण ओसरीवर बसून राहावे आणि रात्री उलट तिलाच ‘तूच फाटक उघडे टाकले असशील’ असे ऐकवावे, याला विरोध म्हणत नाहीत. (‘थोडे खोटे बोलावे लागले’, हे शब्द आपलेच आहेत.) तेव्हापासून ती अर्ध्या ताटावरून उठते, अशी आपली तक्रार आहे. तिने न उठून करावे तरी काय?

माझी एक वर्गमैत्रीण गेल्या पावसाळ्यात वारली. सांगलीत आम्ही वाणिज्य शाखेला एकत्र होतो. डब्यातली अर्धी भाकरी ती रोज महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर घालीत असे, म्हणून वर्ग तिला ‘कुत्रेवाली’ म्हणे. मीही म्हणत असे. तिचे वडील एसटीत वाहक होते आणि त्यांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. ते तिला तोंडावर बोलत, जेवताना बोलत, पाहुण्यांदेखत बोलत. पण तिने उचलून आणलेल्या लंगड्या कुत्र्यासाठी परसात पत्र्याचा आडोसा ठोकला तो त्यांनीच, आणि ठोकतानाही ते बोलतच होते. घरातल्या प्रत्येकाला प्रत्येकाचे मत ठाऊक होते.

पुढे ती एका पतसंस्थेत कारकून झाली. 2001 मध्ये केंद्र सरकारचे श्वानांच्या जन्मनियंत्रणाचे नियम आले. भटक्या कुत्र्यांना मारण्याऐवजी त्यांची नसबंदी करावी, त्यांना रेबीजची लस टोचावी आणि जेथून पकडले त्याच भागात परत सोडावे, असे बंधन त्यांनी घातले. शस्त्रक्रिया पशुवैद्य करीत, पण कोणते कुत्रे कोठून उचलले आणि कोठे सोडले, याचा हिशेब ठेवायला माणूस लागे. तो तिने पतसंस्थेतल्यासारख्याच लांब, लाल पाठीच्या वहीत ठेवला. मी एकदा ती वही चाळली होती. ‘गिरणीच्या मागे, तपकिरी मादी, उजवा कान फाटका, पकडली सोमवारी, सोडली शुक्रवारी सकाळी, गिरणीच्या मागेच’, अशा नोंदींनी पानेच्या पाने भरलेली होती. दोन गल्ल्या पुढे सोडली असती तर काय बिघडले असते, असे मी विचारले, तेव्हा जमाखर्चाच्या तेरजेत चूक करणाऱ्या शिकाऊ कारकुनाकडे पाहावे तसे तिने माझ्याकडे पाहिले. परक्या हद्दीत टाकलेल्या कुत्र्यावर तिथली कुत्री तुटून पडतात, खायला आणि प्यायला कोठे मिळते हे त्याला ठाऊक नसते आणि भेदरलेला कुत्रा माणसालाही चावतो, असे तिने सांगितले.

आपण वीस किलोमीटरवर जाऊन केले ते नेमके हेच. अन्नपाण्यावाचून हाल होतील अशा ठिकाणी प्राण्याला विनाकारण टाकून देणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही आपल्या कानावर असावे.

‘पशुवैद्य झाली तर एक वेळ चालेल, नाहीतर नुसते कुत्र्यांना पोळ्या घालणे आहे’, असे आपण लिहिता. यातली दोन्ही टोके चुकीची आहेत. पशुवैद्यकाची साडेपाच वर्षांची पदवी केवळ कुत्र्या-मांजरांची नसते. तिचा मोठा भाग गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या आणि कोंबड्यांचा असतो, तिच्यात पैदास, दूध आणि मांसाची तपासणीही येते. आपल्या मुलीने तालुक्याच्या दवाखान्यात आठवडाभर बसावे, अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातलेला डॉक्टर पाहावा आणि मग ठरवावे. दुसरीकडे, शस्त्रक्रिया नोंदणीकृत पशुवैद्यानेच करायची असली, तरी प्राण्यांचा निवारा चालतो तो हिशेब, परवानग्या, महापालिकेशी करार, पोलिसांतील तक्रारी आणि देणगीदारांची मर्जी यांवर, आणि वाणिज्य, कायदा किंवा समाजकार्य शिकलेला माणूस तेथे बिनकामाचा ठरत नाही. पगार बहुधा तुटपुंजा असतो, हे मी लपवणार नाही. माझ्या मैत्रिणीने पतसंस्थेची नोकरी अखेरपर्यंत सोडली नव्हती, ती याच कारणाने.

मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि आपल्याच जिल्ह्यातील शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि प्रवेश नीटच्याच गुणांवर होतो, तेव्हा 341 गुण कोठे बसतात हे गेल्या वर्षीच्या प्रवेशयाद्यांवरून पाहता येईल. तिसऱ्या प्रयत्नाविषयी माझे मत विचारले आहे. ते नकारार्थी आहे.

येत्या रविवारी मुलीला खरे सांगावे आणि तिला बरोबर घेऊन त्या जागी जावे. कुत्र्याचा फोटो न्यावा. जवळचे ढाबे, पंक्चरचे दुकान, पेट्रोल पंप येथे विचारावे, कारण उपाशी कुत्रा खरकटे मिळते तेथे घुटमळतो. सापडला तर त्याला घरी नेण्यापूर्वी पशुवैद्याला दाखवावे, कारण इतर कुत्र्यांनी चावले असल्यास रेबीजची लस पुन्हा द्यावी लागू शकते. मुलगी रागावेल, कदाचित बरेच दिवस बोलणार नाही. तिचा तो राग आपण ऐकून घ्यावा, ‘तुझ्याच भल्यासाठी’ हे शब्द मध्ये न घालता. प्रवेशाचे त्यानंतर पाहू. तोवर मला गुणपत्रिकेची प्रत पाठवू नये.